शाळेला श्रेणी देताना मूल कुठून निघालं, तेही मोजा

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
आणि राज्य शालेय मानक प्राधिकरणाचं काम पाहणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

राज्यातल्या शाळांना श्रेणी देण्याची सध्याची पद्धत बदलावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. बीड जिल्ह्यात मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो, पुढं मुख्याध्यापक झालो आणि केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा (केंद्राचा) प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. शाळा तपासूच नका, असं माझं म्हणणं नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेनं लोकांना हिशोब द्यायलाच हवा. प्रश्न हा आहे की आपण हिशोब कशाचा मागतो. शाळेत काय काय आहे याची मोजदाद आपण वर्षानुवर्षं करत आलो. मूल शाळेत आलं तेव्हा कुठं होतं आणि शाळेनं त्याला कुठवर आणलं, हे मात्र श्रेणीत उमटत नाही.

गेल्या दहा वर्षांत आमच्या शाळांवरून किती फूटपट्ट्या फिरल्या ते आठवून पाहा. २०१५ साली केंद्र सरकारची ‘शाळा सिद्धी’ आली. सात क्षेत्रं, ४६ गाभा मानकं, प्रत्येकाचे तीन स्तर. त्याच वर्षी २२ जूनच्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला आणि शाळा ‘प्रगत’ ठरू लागल्या. पाठोपाठ लोकवर्गणी गोळा करून आयएसओ मानांकन घ्यायची लाट आली, डिजिटल शाळांची आली. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस लागलं. आणि आता ‘स्क्वाफ’, म्हणजे शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा. यात १२८ मानकं आहेत, प्रत्येकाचे चार स्तर आहेत आणि आपण कोणत्या स्तरावर आहोत ते शाळेनंच ठरवून त्याचे पुरावे ऑनलाइन चढवायचे आहेत.

यातलं सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ‘प्रगत’च्या सुरुवातीच्या काळात सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथली पहिली-दुसरीची मुलं वाचतात, गणितं करतात, न घाबरता बोलतात, हे डोळ्यांनी पाहून येत आणि आपल्या वर्गात करून पाहत. आमच्या केंद्रातल्या काही वर्गांचं रूप त्यामुळं खरोखर पालटलं. ते कुणाच्या श्रेणीच्या धाकानं झालं नव्हतं. दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मूल शिकताना पाहिलं, म्हणून झालं. पुढं त्याच कार्यक्रमात ‘किती शाळा प्रगत झाल्या’ याचे तक्ते जिल्ह्याजिल्ह्याकडून मागवायला सुरुवात झाली, तेव्हा मुलांपेक्षा तक्ते भरण्याची घाई वाढली.

पुरावे चढवणं म्हणजे काय असतं, ते मी एका द्विशिक्षकी शाळेत पाहिलं आहे. पहिली ते पाचवी, पाच वर्ग. दोनपैकी एक शिक्षक त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. राहिलेल्या सरांनी दुपारी खिचडी झाल्यावर मुलांना ‘हात धुवा केंद्रा’समोर ओळीनं उभं केलं. नळाला पाणी नव्हतं, म्हणून बादलीतून तांब्यानं पाणी घालून मुलांचे हात ओले केले, साबण लावायला सांगितलं आणि फोटो काढला. मग लिंक उघडेना. सर मैदानाच्या टोकाला कडुनिंबाखाली गेले, तिथं रेंज येते. तिसरीतला एक मुलगा हातच्याच्या वजाबाकीची वही घेऊन त्यांच्या मागं मागं तिथवर गेला आणि बराच वेळ उभा राहिला. शेवटी वही काखेत मारून तो वर्गात परतला. त्याला शून्यातून सात कसे वजा करायचे ते कळत नव्हतं. तो प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला.

त्या सरांचा यात काही दोष नव्हता. संध्याकाळी पाचपर्यंत माहिती भरली नाही तर गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अपूर्ण शाळा’ या यादीत नाव येतं आणि दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला जातो. वजाबाकी न आल्याचा खुलासा कुणी मागत नाही. माणूस ज्याचा जाब द्यावा लागतो ते आधी करतो. म्हणून जाब कशाचा मागायचा हे ठरवणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, आणि ते ठरवणारे तुम्ही आहात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला मधोमध तुटतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन सुरू होतात, दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, त्यामुळं कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येणं नसतं. मुलांपैकी कुणी आजीजवळ राहतं, कुणाची हंगामी वसतिगृहात सोय होते, आणि कुणाला आईबरोबर जावंच लागतं, कारण कोपीवर, म्हणजे ऊसाच्या फडाजवळच्या झोपडीवर, तान्ह्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी नसतं. जाणाऱ्यांत मोठ्या बहिणी जास्त असतात, हे मी हजेरीपटावर बघत आलो.

अशाच एका तांड्यावरच्या शाळेतली तिसरीतली मुलगी सांगतो. जूनमध्ये तिला अक्षरं ओळखता येत होती, शब्द जुळत नव्हते. बाईंनी तिला रोज परिपाठानंतर जवळ बसवून दिवाळीपर्यंत शब्दांवर आणलं. मग ती फडावर गेली. गुढीपाडव्यानंतर परत आली तेव्हा मी केंद्रप्रमुख म्हणून त्या वर्गावर होतो. तिनं माझ्यासमोर पुस्तक धरलं, बोट ठेवत वाचू लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघायची, मग मोठ्यानं म्हणायची. चार ओळींचा उतारा तिनं असा पुरा केला. बाईंनी तिला जाताना गोष्टींची तीन पुस्तकं दिली होती आणि ‘रोज रात्री भावाला वाचून दाखव’ असं सांगितलं होतं. ती पुस्तकं ऊसाच्या चिकट्यानं काळी पडून परत आली होती.

अक्षरांवरून उताऱ्यापर्यंत, आणि तेही निम्मं वर्ष शाळेबाहेर राहून. माझ्या सगळ्या नोकरीत शिक्षणाचं इतकं चोख काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं. पण त्या वर्षीच्या चाचणीत ती मुलगी वर्गाच्या सरासरीच्या खाली होती आणि तिची शाळा केंद्राच्या सरासरीच्या खाली. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेला त्याच वर्षी वरची श्रेणी मिळाली. तिथल्या मुलांचे पालक नोकरदार, संध्याकाळी शिकवणी, आणि जूनमध्येच निम्मा वर्ग घडाघडा वाचत होता. एप्रिलमध्येही तोच निम्मा वर्ग घडाघडा वाचत होता आणि उरलेला निम्मा होता तिथंच होता. त्या शाळेला कंपाउंड वॉल होती, संगणक होते, बोलक्या भिंती होत्या. श्रेणीनं सांगितलं की ही शाळा चांगली. मी दोन्ही वर्गांत बसलो होतो आणि मला उलटं दिसलं.

फूटपट्टी बदलली की किती फरक पडतो, हे राज्यानं स्वतः अनुभवलं आहे. राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्समध्ये २०२०-२१ साली महाराष्ट्राला हजारपैकी ९२८ गुण होते. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीनं आपण देशात सर्वांत पुढं होतो. २०२१-२२ मध्ये सूत्र बदललं आणि आपण दहा पायऱ्यांपैकी सातव्या पायरीवर, ‘प्रचेष्टा-३’मध्ये आलो. एका वर्षात राज्यातली मुलं काही शिकलेलं विसरली नव्हती. जुन्या सूत्रात हजारपैकी ३६० गुण कारभाराच्या प्रक्रियांना होते आणि मुलांच्या अध्ययन निष्पत्तीला फक्त १८०. नव्या सूत्रात कारभाराचे १३० झाले, अध्ययन निष्पत्ती आणि गुणवत्तेचे २४०. माहिती वेळेत भरण्याला आणि यंत्रणा उभी असण्याला ज्या फूटपट्टीत जास्त वजन होतं, तिच्यात आपण पहिले होतो. हे केंद्राला उमगलं आणि त्यांनी सूत्र बदललं. मग राज्य आपल्या शाळांना अजून १२८ खणांचा तक्ता का देतं आहे?

आता काय करता येईल ते सांगतो. नुसती तक्रार करून थांबायचं असतं तर पत्र लिहिलं नसतं.

प्रत्येक मूल वर्षाच्या सुरुवातीला वाचनात आणि गणितात कुठं आहे ते नोंदवा, वर्षाच्या शेवटी तेच मूल कुठं आहे ते नोंदवा, आणि शाळेच्या श्रेणीत सर्वांत जास्त वजन या दोहोंमधल्या अंतराला द्या. पायऱ्या नव्यानं शोधायला नकोत. प्रारंभिक, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट या वाचनाच्या पायऱ्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीमुळं खेड्यातल्या शिक्षकांच्या तोंडपाठ आहेत. संख्याज्ञानाच्याही तशाच आहेत. कोणत्या मुलानं किती पायऱ्या चढल्या, वर्गातली तळातली मुलं हलली की नाही, हे पालकालाही एका दमात समजेल. तांड्यावरच्या आईला ‘मानक क्रमांक ७३, स्तर ३’ समजणार नाही. ‘तुमची पोरगी अक्षरांवर होती, आता उतारा वाचते’ हे समजेल, आणि त्यावर ती चार प्रश्नही विचारेल.

तुम्ही म्हणाल, हे आकडे आमच्याकडे आहेतच. खरं आहे. केंद्र सरकारच्या स्टार्स प्रकल्पातून सुरू झालेल्या पायाभूत चाचणी, संकलित एक आणि संकलित दोन या चाचण्या होतात, आणि मुलांचे गुण चॅटबॉटवरून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जातात. पण त्या गुणांवरून श्रेणी लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या चाचण्या वर्गशिक्षकच घेतात, तेच तपासतात आणि तेच गुण भरतात. आपलं मूल कुठं अडलं हे शिक्षकाला कळावं म्हणून त्या आहेत आणि त्या कामाला त्या चांगल्या आहेत. त्यांच्यावर शाळेची अब्रू टांगलीत की गुण फुगतील, आणि मग शिक्षकालाही खरं चित्र दिसायचं बंद होईल. आपल्याकडं पटाचं हेच झालं. पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान अवलंबून होतं, पट फुगत गेला, आणि शेवटी ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करून मुलांच्या बोटांना शाई लावायची पाळी आली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात चाचण्यांच्या गुणांवर शाळांचं भवितव्य ठरवलं गेलं. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं गैरप्रकारात आली. उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली गेली होती. इतकी माणसं एकाच वेळी मुळातून वाईट नसतात. त्यांना तशा कोपऱ्यात ढकललेलं असतं.

म्हणून श्रेणीसाठीची मोजणी वेगळ्या हातांनी व्हावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या देखरेखीखाली डी.एल.एड.चे विद्यार्थी आणि शेजारच्या तालुक्यातला एखादा शिक्षक अशी जोडी पाठवा. मूल समोर बसवून एक पान वाचायला द्यायचं, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायला लावायचं, चार-पाच गणितं करून घ्यायची. एका मुलाला दहा मिनिटं. चाळीस पटाची शाळा दोघांची एका दिवसात होते. मोठ्या शाळेत सगळी मुलं घ्यायची गरज नाही, नमुना पुरतो. जूनअखेर एकदा आणि मार्चअखेर एकदा. उद्या शिक्षक होणाऱ्या मुला-मुलींना शंभर लेकरांचं वाचन कानानं ऐकायला मिळेल, हा त्यातला वेगळा लाभ. मला तर तो फार मोठा वाटतो.

लहान शाळांची एक अडचण आहे आणि ती तुमच्या संख्याशास्त्रज्ञांना माझ्यापेक्षा नीट कळेल. ज्या शाळेत तिसरीत चारच मुलं आहेत, तिथं एका मुलाला त्या आठवड्यात ताप आला तरी शाळेची सरासरी घसरते. पुढच्या वर्षी एखादं हुशार मूल आलं की तीच शाळा ‘सुधारलेली’ दिसते. दोन्ही खोटंच. अशा शाळांची श्रेणी एका वर्षावरून काढू नका, तीन वर्षांची मुलं एकत्र धरून काढा. आणि पाच-सहा मुलांच्या शाळेला आकड्याची श्रेणी मुळात देऊच नका. तिथं माणूस जाऊन बसेल आणि काय पाहिलं ते लिहील, तेवढं पुरे.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी वेगळा नियम हवा. राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मूल गाव सोडताना ते द्यायचं आणि नव्या ठिकाणच्या शाळेनं ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं, अशी पद्धत ठरलेली आहे. बऱ्याच ठिकाणी हे कार्ड कपाटातच राहतं, कारण ते देण्या-घेण्यानं कुठल्याच शाळेचं काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. मूल जितके महिने ज्या शाळेत होतं, तितका त्याच्या प्रगतीचा वाटा त्या शाळेच्या खात्यावर टाका. मग कारखान्याजवळची शाळा फडावरच्या मुलांना शोधत जाईल आणि गावातली शाळा त्यांना पुस्तकं देऊन पाठवील. आज हे फक्त भल्या शिक्षकाच्या भलेपणावर चाललं आहे.

केवळ वाचन आणि गणित म्हणजे शाळा नव्हे, हे मलाही मान्य आहे. मुलं निर्भय आहेत का, मुली मागच्या रांगेत गप्प बसतात की पुढं येऊन बोलतात, पारध्याच्या किंवा भिल्लाच्या पोराला शेजारी बसवून घेतलं जातं का, दिव्यांग मुलाला खेळात घेतात का, या गोष्टी शाळेचा आत्मा आहेत. पण त्या फोटोत येत नाहीत आणि पीडीएफमध्ये तर त्याहून नाही. त्यासाठी न कळवता जाणारी दोन माणसं लागतात, ज्यांनी परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत थांबावं, वर्गात मागं बसावं, मुलांबरोबर जेवावं आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांशी मुख्याध्यापक समोर नसताना बोलावं. त्यांनी स्तर देऊ नये, साध्या मराठीत एक पान लिहावं. शाळेचं काय चांगलं आहे, कशात कमी आहे आणि कशी मदत लागेल, एवढंच. ते पान ग्रामसभेत वाचलं जावं.

इंग्लंडमध्ये शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेनं वर्षानुवर्षं एका शब्दात शिक्का मारला: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी हा एका शब्दाचा शिक्का त्यांनी बंद केला. त्याआधीच्या वर्षी एका मुख्याध्यापिकेनं तपासणीनंतर जीव दिला होता आणि त्या शिक्क्यानं माणसांवर काय ओझं पडतं यावर देशभर चर्चा झाली होती. न्यूझीलंडनं शाळांना परिसराच्या आर्थिक स्तरावरून दहा गटांत बसवणारी जुनी पद्धत २०२३ मध्ये सोडली आणि मुलांच्या घरच्या अडचणी किती आहेत हे पाहून त्या प्रमाणात शाळेला जास्त निधी देणारा निर्देशांक आणला. तिथं अडचण मोजली जाते ती मदत ठरवण्यासाठी. आपल्याकडं अडचण असलेल्या शाळेला खालची श्रेणी मिळते आणि वर खुलासा द्यावा लागतो.

याच्याशी जोडलेली दुसरी मोठी मागणी. शाळेच्या हातात जे नाही, ते शाळेच्या श्रेणीतून काढा. वर्गखोली पाडण्याची परवानगी मिळून चार वर्षं झाली आणि नवी बांधली गेली नाही, तर त्यात मुख्याध्यापकांनी काय करायचं? बिल थकलं म्हणून वीज तोडली, शिक्षकाचं पद रिकामं आहे, पाचही वर्ग एकाच शिक्षकावर आहेत, मुलींच्या शौचालयाला पाणी नाही. या सगळ्याचे गुण आज शाळेच्या खात्यातून कापले जातात. ही माहिती लपवू नका, उलट मोठ्या अक्षरांत छापा. पण तिचं पान वेगळं ठेवा आणि त्याला ‘शासनानं या शाळेला काय दिलं’ असं नाव द्या. किती पदं मंजूर, किती भरलेली, शिक्षक वर्षात किती दिवस निवडणुकीच्या आणि इतर अशैक्षणिक कामाला नेले, अनुदान कोणत्या महिन्यात आलं, पुस्तकं कधी पोचली. त्या पानाखाली मुख्याध्यापकांची सही नको. गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी यांची हवी. शाळेनं हिशोब द्यायचा तर शाळेला देणं लागणाऱ्यांनीही द्यावा.

माझ्या या मागणीवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही मी गांभीर्यानं घेतो.

पहिला असा की गरिबांच्या मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवायची सवय लागेल. ‘ऊसतोड कामगारांची पोरं आहेत, एवढं शिकली हेच खूप’ असं कुणी म्हणू लागलं तर माझ्यासारखा संतापणारा दुसरा नसेल. म्हणून दोन गोष्टी शेजारी शेजारी छापा: मूल किती पुढं आलं आणि अजून किती जायचं आहे. तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि पायाभूत गणित आलं पाहिजे, हे ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत आहे. ते सगळ्यांसाठी एकच राहू द्या. ज्याला जास्त चालायचं आहे त्याच्या शाळेला जास्त बळ द्या, पण मुक्काम तोच.

दुसरा आक्षेप खात्यातूनच येईल: शिक्षकांना जबाबदारी नको आहे, म्हणून ही पळवाट. मी उलट सांगतो. ही पद्धत आली तर काही शिक्षकांना सध्याच्या पद्धतीपेक्षा जास्त जड जाईल. पुरावे नीट चढवून, भिंती रंगवून, वरची श्रेणी घेऊन बसलेल्या काही शाळांत मुलं जूनमध्ये होती तिथंच एप्रिलमध्ये आहेत, हे उघडं पडेल. त्यांत माझ्या ओळखीचे लोक असतील आणि ते माझ्यावर रागावतील. रागावू देत. हीच मोजणी अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी शाळांतही करा. इंग्रजी शाळेची फी भरण्यासाठी जो बाप शेत गहाण टाकतो, त्यालाही कळू द्या की तिथं पोर किती पुढं गेलं.

श्रेणी लागल्यावर काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या शाळेला ट्रॉफी आणि खालच्या शाळेला नोटीस, एवढंच होणार असेल तर फूटपट्टी कितीही चांगली आणली तरी तीही काही वर्षांत वाकेल. जिथं मुलं हललेली नाहीत तिथं आधी रिकामं पद भरा. त्याच परिसरातल्या ज्या शाळेत मुलं झपाट्यानं पुढं आली, तिथल्या शिक्षकाला महिनाभर तिथं पाठवा आणि तिथल्या शिक्षकाला इकडं बसू द्या. कुमठे बीटच्या वेळी हे काम झालं होतं, पुन्हा होईल. आणि शासन निर्णयात एक ओळ स्पष्ट लिहा: ही श्रेणी कोणतीही शाळा बंद करण्यासाठी किंवा समूह शाळेत विलीन करण्यासाठी आधार म्हणून वापरली जाणार नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवरची टांगती तलवार गावांनी पाहिली आहे. ती ओळ नसेल तर खरी माहिती तुम्हाला कुणीच देणार नाही, आणि त्यांचं तसं वागणं मला चुकीचं म्हणता येणार नाही.

एकदम राज्यभर हे करा असं मी म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगर विभागातले दोन जिल्हे, नंदुरबारसारखा एक आदिवासी जिल्हा आणि मुंबई-पुण्याकडचा एक शहरी भाग इतकं दोन वर्षं करून पाहा. तेवढ्या शाळांना त्या काळात स्क्वाफच्या पुराव्यांतून पूर्ण मोकळीक द्या, नाहीतर हा नवा उपक्रम जुन्याच्या डोक्यावर बसेल आणि कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या सरांचा आणखी एक तास जाईल. आलेले आकडे लपवू नका, वाईट आले तरी छापा.

मसुदा तयार झाला की तो फक्त संकेतस्थळावर टाकून आठ दिवसांत हरकती मागवू नका. शाळा व्यवस्थापन समित्यांपुढं ठेवा, ग्रामसभेत वाचा. आणि हे दिवाळीच्या आधी करा. दिवाळीनंतर आमच्याकडच्या ज्या पालकांना यावर सर्वांत जास्त बोलायचं आहे, ते गावात नसतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
जिल्हा बीड